आधी दार, मग फोन

दिवाळी अंकवाल्यांनी मला गिझरच्या दुरुस्तीवर लिहायला सांगितलं. मी म्हटलं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. जाळी चोंदते, रबर फाटतं, बॅटरी उतरते, माणूस बोलावतो, आपण जातो. संपलं. लिहायचंच तर हल्ली जे करतो त्यावर लिहीन. ते म्हणाले, हल्ली काय करता? मी म्हटलं, शब्द निवडतो.

ते हसले. हसू द्या. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, हे खरं आहे. पण इंटरनेटवर गॅस गिझरबद्दल कोणी काही शोधलं की ज्या शब्दांमुळे आमचं पान वर येतं, ते शब्द माझे आहेत. सुनेचे नाहीत, मुलाचे नाहीत. माझे.

इंदिरानगरात आमचं दुकान आहे. गुडघे गेल्यापासून मला शिडी चढवत नाही, म्हणून कामावर मुलगा जातो. सून सुजाता वेबसाइट सांभाळते. मी गल्ल्यावर बसतो आणि फोन घेतो. फोन घेणारा माणूस म्हणजे रिकामा माणूस असं घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायला लागलं होतं.

ज्यांच्या घरी गॅस गिझर नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. ही भिंतीला टांगलेली पेटी असते, सिलिंडरवर चालते. नळ सोडला की आत जाळ पेटतो, नळ बंद केला की विझतो. आता जाळ म्हटला की त्याला हवा लागणार. बाथरूमची खिडकी बंद, दार बंद, तर तो जाळ माणसाच्या वाटणीची हवा खातो. आणि बदल्यात जो वायू सोडतो त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, माणूस पळतो. हा वायू पळायला सांगतच नाही. आधी डोकं जड होतं, मग चक्कर येते, मग पायातला जोर जातो. आतल्या माणसाला कळतं की काहीतरी बिनसलंय, पण हात कडीपर्यंत पोचत नाही.

म्हणून गिझर बाहेर लावायचा आणि पाइप आत न्यायचा. एवढं साधं आहे. पण बाहेर लावला तर गॅलरीची शोभा जाते म्हणतात लोक.

तर वेबसाइट. सुजाताने पहिल्यांदा केली तेव्हा पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नाशिकमधील सर्वोत्तम गिझर सेवा’. खाली माझा फोटो, कोट घातलेला. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण फोन येईनात.

एके दिवशी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. आमच्यात सून सासऱ्याला मामा म्हणते.

“मामा, नीट ऐका. माणूस मोबाइलमध्ये काहीतरी लिहितो. मशीन बघतं, हे शब्द कोणाच्या पानावर आहेत, नीट समजावून कोणी सांगितलंय. त्याचं पान वर. ‘गिझर दुरुस्ती नाशिक’ हे शब्द सगळ्या नाशिकने घेऊन ठेवलेत. मोठमोठ्या कंपन्या बसल्यात तिथे. आपला नंबर येतो पार खाली, आणि खाली कोण जातंय?”

“मग दुसरे शब्द घे.”

“कोणते?”

“लोक बोलतात ते.”

“काय बोलतात?”

मी तिला सांगितलं. आयुष्यभर फोन घेतलेत, कोणीही मला ‘सर्वोत्तम सेवा हवी आहे’ असं म्हणालेलं नाही. बाई म्हणते, टिकटिक होतं पण पेटत नाही. बाप्या म्हणतो, पाणी एकदम चटका देतं आणि एकदम गार होतं. कोणी म्हणतं, पेटताना फट्‌कन आवाज होतो, पोरं घाबरतात. आणि कोणी, बोलता बोलता, जाता जाता म्हणतं, “हां, आणि अंघोळ केली की जरा गरगरतं हो. पित्त असेल.”

ते ‘जरा गरगरतं’ ऐकलं की मी आधी विचारतो, गिझर आत का बाहेर. आजही.

सुजाताने टिकटिक लिहून घेतलं, फट्‌कन लिहून घेतलं. लॅपटॉपवर तिच्याकडे एक जागा आहे जिथे कळतं की कोणते शब्द किती लोक शोधतात. तिने ‘चक्कर’ घालून पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. “मामा, हे लय लोक शोधतात!”

म्हणून पानावर ‘चक्कर का येते’ असं घातलं. मग फोनवरून आला आमच्या आयुष्यात एक निवृत्त मास्तर.

“नमस्कार. मान डावीकडे वळवली की मला चक्कर येते.”

“गिझर कुठे लावलाय?”

“गिझर नाही. आम्ही बंबात पाणी तापवतो.”

“मग माझ्याकडे इलाज नाही, मास्तर. डॉक्टरकडे जा.”

“आपण डॉक्टर नाही?”

“मी गिझरवाला आहे.”

“मग चक्करवर का लिहिता?”

असे पुष्कळ आले. कोणाचं बीपी, कोणाचं पोटुशीपण. सुजाता म्हणाली, शब्द फार रुंद झाला, जाळ्यात सगळेच मासे येतायत. अरुंद करायला हवा. शोधणारे कमी येतील, पण येतील ते आपलेच असतील. हे तिचं म्हणणं मला पटलं. मग मी बोललो आणि तिने लिहिलं: ‘अंघोळ करताना चक्कर येते’. इंग्रजी अक्षरांतही लिहिलं, कारण मोबाइलवर निम्मे लोक मराठी तसंच लिहितात.

तिने पुढे ‘नाशिक’ जोडलं. मी म्हटलं, काढ.

“मामा, गावाचं नाव लागतंच. नाहीतर कुठूनही फोन येतील. जाणार कोण?”

“ज्याला गरगरतंय तो गावाचं नाव लिहीत बसेल का?”

“पण धंद्याला काय उपयोग?”

“काढ म्हटलं ना.”

तिने काढलं. मी हट्टी आहे, ते घरात माहीत आहे.

पान हळूहळू वर चढलं. मग सुजाता मला रोज सकाळी दाखवायला लागली की काल लोक काय लिहून आपल्या पानावर आले. नाव नसतं, गाव नसतं, नुसते शब्द. मला ते वाचायची सवय लागली आणि ती सवय वाईट. ‘गिझर चालू राहिला तर काय होतं.’ ‘बाथरूममध्ये उलटी डोकं दुखतं.’ एकदा वाचलं, ‘आई बाथरूममधून आवाज देत नाही.’

मी सुजाताला विचारलं, हे कोणी लिहिलं? ती म्हणाली, कळत नाही. कुठून? कळत नाही. मग पुढे काय झालं? मशीनला विचार की, मी म्हटलं. ती म्हणाली, मामा, मशीनला एवढंच माहीत असतं की कोणीतरी आलं आणि गेलं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कोणाची आई, दारावर कोण उभं होतं, कडी आतून होती का. नुसते शब्द.

शब्द माणसाला ओढून आणतो, हे मला नीट कळलं ते त्र्यंबकेश्वरला. तिथल्या एका लॉजवाल्याने बोलावलं. गिझर पेटत नव्हते. मुलाबरोबर गाडीत बसून मीही गेलो. खोलीला लागून बाथरूम, कपाटाएवढं. वर हात फिरवला, कुठेच झरोका नाही. गिझर आतच.

“खिडकी कुठाय?”

“खिडकी कुठून काढू बाबा? पलीकडं दुसऱ्याची भिंत हाय.”

“मग गिझर बाहेर घ्या.”

“बाहेर जिना हाय. यात्रेकरू येतात-जातात, धक्का लागंल. तुम्ही नुसता पेटवून द्या. आणि ती तुमची सून इंटरनेटचं करती ना? आमचं बी करा. त्र्यंबकला दर्शन, चोवीस तास गरम पाणी. हेच शोधतात लोकं.”

त्याचं बरोबर होतं. लोक हेच शोधतात. कडाक्याची थंडी, कुशावर्ताच्या कुंडात बुडी मारून काकडलेली माणसं, म्हातारी, लहान पोरं. ‘गरम पाणी’ हा शब्द त्यांना बरोबर त्या दारापर्यंत आणणार, आणि पुढे ते आतून कडी लावणार. मला तिथे उभं राहवेना. मी मुलाला म्हटलं, पाना पिशवीत टाक.

“अहो बाबा, एवढं काय त्यात? इतकी वर्षं चाललंय, कोणाला काय झालंय?”

“तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. माणूस म्हणतो, प्रवासाचा शीण असेल.”

“मी दुसरा माणूस आणीन.”

“आणा.”

त्याने आणलाही असेल. तेही मला कळायला मार्ग नाही. परतीच्या वाटेवर मुलगा म्हणाला, आप्पा, गिऱ्हाईक गेलं. मी म्हटलं, जाऊ दे. पण गिऱ्हाईक गेलं तरी ते बाथरूम तिथेच राहिलं ना. त्याची भीती मी घरी घेऊन आलो.

आता मागच्या दिवाळीचं सांगतो.

आमच्या धंद्यात सगळ्यात भीतीचा दिवस म्हणजे पहिली अंघोळ. बाहेर थंडी म्हणून खिडकी लावलेली, फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. एक निघाला की दुसरा आत. मधे दार उघडं राहत नाही, कारण वाफ गेली तर उटणं लावलेलं अंग काकडतं. जाळ सारखा पेटलेला. पहिल्याला काही होत नाही. दुसऱ्याला डोकं जड. आणि सगळ्यात शेवटी कोण जातं? सगळ्यांना तेल-उटणं लावून, पाटाभोवतीची रांगोळी पुसून, ओले पंचे गोळा करून घरातली बाई किंवा पोरगी जाते. सगळ्यांनी वापरलेली हवा तिच्या वाट्याला.

म्हणून त्या सकाळी मी फराळालाही उठत नाही. फोन मांडीवर ठेवून बसतो. सुजाता म्हणते, मामा, दिवाळी आहे, चकली तरी खा. मी म्हणतो, ठेव तिथे.

उन्हं अंगणात आली होती तेव्हा फोन वाजला.

“काका, ते गिझरचं... तुमचं वाचलं मोबाइलवर. पोरगी आत हाय. मघाशी म्हणली आई गरगरतंय, मी म्हणलं उपाशी हायेस म्हणून. आता आवाजच देईना.”

“कुठून बोलता?”

“नांदगाव.”

नाशिकपासून गाडीने दोन-अडीच तासांची वाट. नांदगाव. कोण जाणार? सुजाता बरोबर बोलली होती.

“घरात कोण आहे?”

“कोणी नाय. हे पोराला घेऊन देवळात गेलेत.”

आणि तिच्या मागून मला आवाज ऐकू आला. पाण्याचा, आणि त्याच्या खालून तो भड्‌भड्‌ आवाज. तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. नळ चालू होता. गिझर जळत होता.

“ताई, सिलिंडर कुठाय? आत का बाहेर?”

“बाहेर, गॅलरीत.”

“आधी तो बंद करा. फोन हातातच ठेवा. पळा.”

ती पळाली. भड्‌भड्‌ थांबली. नुसतं पाणी राहिलं.

“केला काका.”

“दार कसलं आहे?”

“ते फायबरचं.”

“कडी जिथे आहे ना, तिथे लाथ मारा. जोरात.”

“मोडंल ओ काका. भाड्याचं घर हाय. मालक आधीच...”

“मोडू द्या! मोडायचंच आहे ते! मारा लाथ! आणि आत थांबू नका, तिला ओढून बाहेर मोकळ्यावर आणा. शेजारच्यांना हाका मारा, दवाखान्याची गाडी बोलवा!”

मी एवढा ओरडलो की सुजाता स्वयंपाकघरातून धावत आली. फोनमधून धाडकन आवाज आला. परत आला. मग बाईचा आवाज, शब्द नाही, नुसता आवाज. आणि फोन बंद.

मी परत लावला. वाजत राहिला. परत लावला. सुजाता माझ्याशेजारी जमिनीवर बसली. बाहेर पोरं फटाके उडवत होती, आणि प्रत्येक फटाक्याला मला ते दारच फुटल्यासारखं वाटत होतं. ‘नाशिक’ घालायचं का नाही, यावर ती त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. त्यानंतरही कधी बोलली नाही.

दिवसभर कोणी फोन उचलला नाही. मी मुलाला म्हटलं, पोलिसांना फोन कर. काय सांगणार, मुलगा म्हणाला, नाव माहीत नाही, गल्ली माहीत नाही. नांदगावातल्या एका बाईची पोरगी, एवढंच. माणूस भीतीत नाव सांगत नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच नंबरवरून फोन आला. सुजाताने घेतला. तिने ऐकलं, आणि रडायला लागली. मला वाटलं, संपलं. तिने रडतच ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि फोन माझ्या कानाला लावला.

“काका, वाचली. दवाखान्यात हाय अजून, पण बोलती. मला म्हणली, दार कशाला मोडलं.”

मी काय बोललो ते आठवत नाही. तिचं पुढचं मात्र आठवतं.

“काका, मी आधी वाचत बसले हो. तुमचा फोटो, ते अनुभव-बिनुभव, कुठली कुठली कामं केली ते. म्हणलं, काय करायचं ते खाली लिहिलं असंल. खाली फोनचं बटण होतं, ते दाबलं.”

पोरगी आत पडलेली, आणि आई दाराबाहेर उभी राहून माझी फुशारकी वाचत होती. कोट घातलेला फोटो बघत होती. शब्द मी असा अचूक निवडला की ती बरोबर माझ्या दारात आली, आणि दारात मी तिला थांबवून ठेवलं.

मी सुजाताला त्याच दिवशी बसवलं. फोटो काढ. अनुभव काढ. वर फक्त एवढं लिही, मोबाइलच्या पडद्यावर मावेल एवढ्या मोठ्या अक्षरांत: ‘आत कोणी आहे? सिलिंडर बंद करा. दार मोडा. ओढून बाहेर मोकळ्यावर आणा. ॲम्ब्युलन्स बोलवा. हे नंतर वाचा.’

“आणि आपला नंबर?”

“खाली. पार खाली. आधी दार, मग फोन.”

तिने केलं. मला बरं वाटलं, आयुष्यात एक काम नीट केल्यासारखं. ते बरं वाटणं उन्हाळ्यापर्यंत टिकलं.

मग एक दिवस सुजाता भरदुपारी लॅपटॉप घेऊन आली.

“काय झालं?”

“पान खाली चाललंय, मामा.”

“का? शब्द तर तेच आहेत.”

“शब्द तेच आहेत. पण लोक येतात आणि लगेच निघून जातात. थांबत नाहीत. नक्की कोणालाच माहीत नसतं, पण म्हणतात की मशीन ते बघतं. माणूस आला आणि लगेच गेला म्हणजे त्याला वाटतं, या पानात काही दम नाही.”

“अगं, जावं म्हणूनच लिहिलंय ते!”

“ते तुम्हाला माहीत. मशीनला कोण सांगणार?”

मी त्या पडद्याकडे बघत बसलो. ज्या पानावरून माणूस उठून पळतो तेच आमचं खरं पान. आणि ते पळतात म्हणूनच ते खाली जातंय. आमच्या वर आता एका गिझर विकणाऱ्याचं पान आहे. ‘अंघोळ करताना चक्कर येण्याची कारणे आणि उपाय.’ सुरेख लिहिलंय, चित्रं आहेत. वाचायला बराच वेळ लागतो. खिडकीचं नाव शेवटी-शेवटी येतं.

तेव्हापासून मला धड झोप नाही. दिवाळी तोंडावर आली आहे. पहिल्या अंघोळीच्या सकाळी कुठेतरी कोणीतरी दाराबाहेर उभं राहून तेच माझे शब्द लिहील, आणि वर येईल ते लांबलचक पान. वाचत बसेल बिचारी.

सुजाता म्हणाली, “एक उपाय आहे, मामा. वरचं तसंच ठेवू. त्याच्या खाली काहीतरी मोठं लिहू. ज्याला घाई आहे तो वरचं वाचून पळेल. ज्याला घाई नाही तो खालचं वाचत बसेल. थांबणारे जास्त झाले तर कदाचित वर जाईल.”

“मोठं म्हणजे काय लिहू?”

“हेच. तुम्ही मला सांगता ते. टिकटिक, मास्तर, लॉजवाला. लोकांना आवडतं.”

नेमका त्याच आठवड्यात अंकवाल्यांचा फोन आला. म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर मी कशाला लिहितोय! मी बोललो, तिने लिहिलं, आणि मी तिला माझी भाषा फार सरळ करू दिली नाही. अंक निघाला की हे सगळं त्या पानावर, त्या मोठ्या अक्षरांच्या खाली लागणार आहे. पान वर जाईल का, माहीत नाही. सुजातालाही माहीत नाही. त्या सकाळी मी फोन मांडीवर घेऊन बसणार, एवढं नक्की.

तुम्ही इथपर्यंत निवांत वाचत आलात, म्हणजे तुमच्या घरातली सगळी माणसं बाथरूमच्या बाहेर आहेत असं मी धरून चालतो. तसं असेल तर चकली खा, सावकाश वाचा, थांबा थोडं.

आणि कोणी आत असेल, तर उठा. दार वाजवा. आवाज येईपर्यंत वाजवा.